बी. ए. (समाजशास्त्र) : एका जमातीची ओळख

महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या विषयांमध्ये समाजशास्त्राचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे, कारण या विषयाच्या वर्गात पहिल्या दिवशी येऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला तो विषय आधीच येत असतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याची इलेक्ट्रॉनशी पूर्वीची ओळख नसते आणि संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या घरी कोणी लङ् लकारात भांडत नाही. परंतु कुटुंब, नातेसंबंध, जात, विवाह, धर्म, सत्ता आणि विषमता या ज्या गोष्टींवर समाजशास्त्राची पहिली दोन वर्षे खर्च होतात, त्या सगळ्यांच्या तावडीत हा विद्यार्थी जन्मापासून सापडलेला असतो. भाऊबंदकी म्हणजे काय हे त्याला सामायिक विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून कळलेले असते, सोयरीक कोठे होते आणि कोठे होत नाही हे कोणी न सांगता समजलेले असते, आणि लग्नात पहिल्या पंगतीला कोणाला बसवायचे व कोणाला ‘तुम्ही काय, घरचेच’ म्हणून शेवटपर्यंत वाढायला लावायचे याविषयीचे त्याचे ज्ञान सामाजिक स्तरीकरणावरील कोणत्याही ग्रंथाइतके सूक्ष्म असते. (सामाजिक स्तरीकरण म्हणजे समाजातील माणसांची वरखाली थरांत झालेली मांडणी; ज्याच्या वाट्याला खालचा थर येतो त्याला या व्याख्येची गरज सहसा भासत नाही.) तेव्हा या विद्यार्थ्याला काय शिकवावे हा विद्यापीठापुढील खरा प्रश्न नसतोच. त्याला जे येते तेच त्याच्याकडून अशा रीतीने कसे लिहवून घ्यावे की ते आपलेच आहे हे त्याच्या ध्यानात येऊ नये, हा खरा प्रश्न असतो. आणि सहा सत्रांच्या अवधीत विद्यापीठे हे कार्य बहुधा यशस्वीपणे पार पाडतात.

या जमातीत प्रवेश कसा होतो हे पाहणे उद्बोधक आहे. समाजशास्त्रात दर्जाचे दोन प्रकार मानले जातात: जन्माने चिकटतो तो अर्पित दर्जा आणि स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवला जातो तो अर्जित दर्जा. समाजशास्त्राचा विद्यार्थी असणे या दोहोंपैकी कशात बसवावे हे ठरवणे अवघड आहे, कारण हा दर्जा कोणाला जन्माने मिळत नाही आणि फारसे कोणी तो मिळवायलाही गेलेले नसते. प्रवेशाच्या दिवसांत मानसशास्त्राच्या जागा भरून जातात, अर्थशास्त्रात आकडेमोड असल्याची वदंता असते, भूगोलाला प्रात्यक्षिकाची वही करावी लागते, इंग्रजी स्पेशल घेण्याची छाती सर्वांची नसते, आणि जे विषय उरतात त्यांत समाजशास्त्राचे तास अशा वेळी संपतात की गावाकडे जाणारी दुपारची एसटी सापडते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने साध्य आणि साधन यांचा हिशेब घालून केलेल्या कृतीला विवेकनिष्ठ कृती म्हटले आहे. वेळापत्रक पाहून विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याइतके या कृतीचे शुद्ध उदाहरण वेबरला जर्मनीत मिळाले असते की नाही, याची शंकाच आहे.

या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूचा अभ्यास मात्र कमी झाला आहे. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचे पद आठवड्याच्या तासांवर, तास तुकड्यांवर आणि तुकड्या विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असतात, आणि या परस्परावलंबनाला महाविद्यालयीन मराठीत ‘वर्कलोड’ असे म्हणतात. प्रवेश सुरू झाले की समाजशास्त्राचे प्राध्यापक प्रवेशकक्षाच्या दाराशी जी प्रसन्न मुद्रा धारण करून उभे राहतात, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर राज्यशास्त्राचे प्राध्यापक जी तितकीच प्रसन्न मुद्रा धारण करतात, तिचा उलगडा या संकल्पनेवाचून होत नाही. विषय सोपा आहे, मराठीतून लिहिता येतो, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतो आणि मार्क पडतात, एवढे चार मुद्दे दोघेही आपापल्या विषयाविषयी सांगतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संस्थांच्या प्रकट आणि अप्रकट कार्यांत भेद केला: संस्था ज्यासाठी चालते असे जाहीरपणे सांगितले जाते ते तिचे प्रकट कार्य, आणि कोणी न ठरवता व न कबूल करता जे तिच्याकडून होत राहते ते अप्रकट कार्य. (हा मर्टन मूळचा मायर श्कोल्निक, तरुणपणी तो जादूचे प्रयोग करीत असे आणि मर्टन हे नावही त्याने त्याच छंदापायी घेतले, त्यामुळे पडद्यापुढे जे दिसते त्यावर त्याचा विश्वास नसावा यात नवल नाही.) बी. ए.च्या वर्गाचे प्रकट कार्य ज्ञानदान हे असल्याचे माहितीपत्रकात छापलेले असते. अप्रकट कार्यांत प्राध्यापकांचे पद टिकवणे, एसटीचा सवलतीचा पास मिळवून देणे आणि मुलीच्या लग्नाची घाई लागलेल्या नातेवाइकांना ‘तिचं अजून शिक्षण चालू आहे’ असे ठणकावून सांगण्याची सोय करणे यांचा समावेश होतो. यांपैकी शेवटचे कार्य इतके मोलाचे आहे की बाकी काहीही न साधले तरी केवळ त्यासाठी हा अभ्यासक्रम चालू ठेवण्यास हरकत नसावी.

वर्गात प्रथम भेटतो तो ऑगस्ट कॉम्त. या शास्त्राचे नामकरण करणारा हा फ्रेंच विचारवंत १७९८ साली, नावाला न जुमानता, जानेवारी महिन्यात जन्मला आणि मानवी बुद्धी धार्मिक, तात्त्विक व वैज्ञानिक अशा तीन अवस्थांतून जाते, असा सिद्धान्त त्याने मांडला. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचे याहून महत्त्वाचे कार्य मात्र क्रमिक पुस्तकांत दुर्लक्षित राहिले आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात कॉम्तने इतरांचे ग्रंथ वाचणे सोडून दिले आणि या व्रताला त्याने मेंदूची स्वच्छता असे नाव दिले, जेणेकरून परक्या विचारांचा संसर्ग स्वतःच्या विचारांना होऊ नये. आज महाराष्ट्रातील समाजशास्त्राच्या वर्गांमध्ये कॉम्तच्या इतर शिकवणुकीचे अनुयायी मोजके असले, तरी मेंदूच्या स्वच्छतेचे पालन सर्वत्र काटेकोरपणे होताना आढळते, आणि ग्रंथालयातील समाजशास्त्राच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध सहसा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लागतो.

कॉम्तपाठोपाठ मार्क्स, दुर्खीम आणि वेबर येतात, आणि त्यांच्या संगतीने विद्यार्थ्याचा असा समज दृढ होतो की विचारवंत हा मृत, युरोपीय आणि शक्यतो दाढीवाला असावा लागतो. वास्तविक मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, तेव्हा त्याच्या प्रमुखपदी नगररचनाकार पॅट्रिक गेडीस हा दाढीवाला स्कॉटिश गृहस्थ असला, तरी १९२४ पासून तो विभाग ज्यांनी वाढवला ते गोविंद सदाशिव घुर्ये मालवणात जन्मलेले होते, आणि त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी पुण्यात राहून भारतभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास केला. असे असूनही कोकणातला विद्यार्थी दुर्खीमच्या गावाचे नाव पाठ करतो आणि घुर्ये हे प्रकरण ‘ऑप्शनला’ टाकतो. ऑप्शनला टाकणे म्हणजे प्रश्नपत्रिकेतील पर्यायी प्रश्नांच्या संख्येचा अंदाज घेऊन अभ्यासक्रमातील एखादा भाग जन्मात न वाचण्याचा विवेकपूर्ण निर्णय करणे. संस्कृत पंडित असलेल्या, प्राचीन ग्रंथांतून समाजरचनेचा माग काढणाऱ्या घुर्यांना आपण स्वतः असे न वाचलेले ग्रंथ होऊन बसू, याची कल्पना नसावी.

विषयाचे परकेपण पुरे करण्याचे काम मार्गदर्शक पुस्तिका करते. ‘गाईड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तिकेत प्रत्येक सामाजिक वस्तूची प्रथम व्याख्या, मग वैशिष्ट्ये, मग महत्त्व आणि शेवटी सारांश असा क्रम असतो, आणि एकदा हा क्रम हाताला बसला की जगातील कोणत्याही विषयावर अडीच पाने लिहिता येतात. समाज म्हणजे संबंधांचे जाळे, अशी मॅकायव्हर आणि पेज या समाजशास्त्रज्ञांची कल्पना या राज्यात जितक्या उत्तरपत्रिकांमध्ये उतरली असेल तितकी त्यांच्या स्वतःच्या देशातही उतरली नसेल. कुटुंबाच्या प्रकरणात या पद्धतीचे सामर्थ्य पूर्ण प्रकट होते. मॅकायव्हरच्या आधारे कुटुंबाची जी वैशिष्ट्ये सांगितली जातात त्यांत सार्वत्रिकता, भावनिक आधार आणि मर्यादित आकार यांचा समावेश असतो. आणि दोन खोल्यांत अकरा माणसे राहणाऱ्या घरातला विद्यार्थी, धाकट्या चुलतभावाला मांडीवरून बाजूला सारून, चुलत्याने वाटणीसाठी लावलेल्या दाव्याची तारीख उद्यावर आलेली असताना, ‘कुटुंबाचा आकार मर्यादित असतो व सदस्य प्रेमभावनेने बांधलेले असतात’ हे वाक्य तीन वेळा मोठ्याने घोकतो. त्याला या वाक्यात काही विसंगत वाटत नाही. वाक्य पुस्तकातल्या कुटुंबाविषयी आहे, घरातल्या नव्हे, आणि दोहोंची गल्लत केली तर गुण कापले जातात, एवढे समाजशास्त्र तो तोपर्यंत शिकलेला असतो.

शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला समाजात सोडले जाते. याला क्षेत्रकार्य म्हणतात. क्षेत्रकार्य म्हणजे ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यापर्यंत प्रत्यक्ष जाऊन माहिती गोळा करणे, आणि त्यासाठी सात-आठ जणांच्या गटाला एखादी वस्ती किंवा जवळचे खेडे नेमून देण्यात येते. माहिती गोळा करण्याचे साधन म्हणजे प्रश्नावली, अर्थात झेरॉक्स काढून पिन मारलेली चार पाने, ज्यांवर बहुतेक प्रश्न बंदिस्त स्वरूपाचे असतात, म्हणजे उत्तरे आधीच छापलेली असून उत्तरदात्याने केवळ त्यांत बसायचे असते. कोणाला भेटायचे हे यादृच्छिक नमुना निवडीने ठरावे अशी अपेक्षा असते. यादृच्छिक निवडीत प्रत्येक घराला निवडले जाण्याची समान संधी मिळते. प्रत्यक्षात ती ज्यांच्या दारात कुत्रे नाही अशाच घरांना मिळते, आणि त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्राविषयीच्या पदवीस्तरीय ज्ञानात कुत्री पाळणाऱ्या कुटुंबांचे प्रतिनिधित्व चिंताजनक प्रमाणात कमी राहिले आहे.

विषय ‘निर्णयप्रक्रियेतील स्त्रियांचा सहभाग’ हा असेल, आणि बहुधा तोच असतो, तर ओट्यावर बसलेल्या बाईंना विचारले जाते की घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेते: पती, पत्नी, दोघे मिळून, की इतर. बाई एकवार आत बसलेल्या सासूच्या दिशेने पाहतात आणि ‘मालकच घेतात की, आम्हाला काय कळतंय’ असे सांगतात. हे सांगता सांगता त्या शेळी बघायला आलेल्या व्यापाऱ्याला आणखी पाचशे वाढव नाहीतर चालता हो म्हणतात, थोरल्याला यंदा आयटीआयलाच घालायचे असल्याचे शेजारणीला कळवतात आणि बचत गटाच्या पासबुकात सही करतात. मालक त्या वेळी पारावर असतात आणि निर्णय झाल्याचे त्यांना संध्याकाळी समजते. विद्यार्थी ‘पती’ या पर्यायापुढे बरोबरची खूण करतो. पुढचा प्रश्न बाईच विचारतात: हे घरकुलाचे आहे, की गॅसचे? कॉलेजचे आहे असे कळल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न असतो की यातून तुला काय मिळणार, आणि वीस मार्क असे उत्तर मिळताच त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव उमटते. ‘मग तुला पाहिजे तसं लिही बाळा,’ असे म्हणून त्या चहा टाकायला उठतात. उत्तरदात्याने संशोधकाशी किती सहकार्य करावे याविषयी संशोधनपद्धतीवरील ग्रंथांत बरीच चर्चा आहे, पण इतक्या टोकाच्या सहकार्याची शक्यता त्यांत कोणी गृहीत धरलेली दिसत नाही.

ऊन चढले की उरलेल्या प्रश्नावल्या महाविद्यालयाच्या कॅन्टीनमागील झाडाखाली भरल्या जातात. या पद्धतीला प्रतिष्ठित पूर्वपीठिका आहे असे तिचे समर्थक मानतात. घुर्यांचे विद्यार्थी म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातील रामपुरा या खेड्यात राहून टिपणे केली, त्यांवर संस्कार करून सिद्ध केलेल्या नोंदी १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लावल्या गेलेल्या आगीत जळाल्या, आणि तरीही त्यांनी प्रामुख्याने स्मरणाच्या आधारे त्या खेड्यावरचा आपला गाजलेला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. झाडाखाली बसलेला गटही स्मरणाच्या आधारेच लिहीत असतो. फरक एवढाच की श्रीनिवास आधी त्या खेड्यात गेले होते. झाडाखालच्या आकडेवारीत एक सुबकपणा असतो, जो घरोघर फिरून मिळवलेल्या माहितीला कधीच येत नाही: स्तंभांची बेरीज बरोबर शंभर येते, ‘सांगता येत नाही’ असे म्हणणारे कोणी भेटत नाही, आणि निष्कर्षात शासनाने जनजागृती करावी अशी शिफारस केलेली असते. इरावतीबाईंनी ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालताना सारे एकच अभंग गातात पण जेवणाच्या पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या पडतात हे टिपले, ते त्या स्वतः पायी चालल्या म्हणून. त्या लेखात एकही कोष्टक नाही, त्यामुळे आजच्या प्रकल्प मूल्यमापनात त्यांना किती गुण पडले असते हे सांगणे धाडसाचे ठरेल.

खरे तर ज्या कामासाठी विद्यार्थ्याला चार पानी प्रश्नावली लागते, ते एसटीतला शेजारचा प्रवासी एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत उरकतो. गाव कोणते, आडनाव काय, वरच्या आळीतले की खालच्या, मग तिथले ते पेन्शनर मास्तर तुमचे कोण लागतात, आणि मामाचे गाव कोणते, या पाच प्रश्नांत तो समोरच्याची जात, पोटजात, जमीन, सोयरसंबंध आणि विवाहयोग्यता यांची नोंद पुरी करतो, आणि हे करताना ‘जात’ हा शब्द त्याने एकदाही उच्चारलेला नसतो. समाजशास्त्रीय भाषेत याला असंरचित मुलाखत म्हणावे लागेल, म्हणजे अशी मुलाखत जिचे प्रश्न आधी छापलेले नसतात. तिचा शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: काय शिकता? समाजशास्त्र असे सांगितल्यावर प्रवासी ‘म्हणजे समाजकार्य’ अशी दुरुस्ती सुचवतो, ती नाकारली गेल्यावर ‘ते शिकून काय होतं’ असे विचारतो, आणि आतापर्यंत सगळी उत्तरे न अडखळता देणारा विद्यार्थी प्रथमच खिडकीबाहेर पाहू लागतो.

महाविद्यालय ही स्वतःच एक अभ्यासवस्तू आहे, हे विद्यार्थ्याला फार तर पाच वर्षांतून एकदा, आणि तेही नशीब असेल तर, दिसते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेल्या ‘नॅक’ची समिती यायची ठरली की भिंतींना रंग लागतो, बंद असलेल्या पाण्याच्या टाकीला पाणी येते, प्रवेशद्वाराशी रांगोळी निघते, आणि गेली चार वर्षे न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते एकाच शाईत तयार होतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने १९५० च्या दशकात असे मांडले की माणसे एकमेकांसमोर वावरताना नाटकच करीत असतात, आणि त्यांच्या जगाचे दर्शनी रंगमंच व पडद्यामागची जागा असे दोन भाग पडतात. हा सिद्धान्त शिकवणारे प्राध्यापक त्या आठवड्यात वर्गावर नसतात, कारण ते पडद्यामागे फायलींना पाठीवर नावे चिकटवत असतात, आणि विद्यार्थी ऑडिटोरियममध्ये बसून ‘ग्रंथालयाचा लाभ रोज घेता का’ या प्रश्नाचे उत्तर एकसुरात देण्याची तालीम करीत असतात. समिती आल्यावर ती हे सारे पाहून प्रसन्न होते. समितीतील सदस्यही कोठल्या ना कोठल्या महाविद्यालयातूनच आलेले असल्याने त्यांना पडद्यामागे काय असते हे पक्के ठाऊक असते, आणि म्हणूनच ते तिकडे पाहत नाहीत. प्रेक्षक नटाची लाज राखतात हे गॉफमननेही सांगून ठेवले आहे.

दुसऱ्या वर्षाच्या सुमारास काही विद्यार्थ्यांना विषय खरोखरच चावतो, आणि हा काळ घरच्या माणसांना कठीण जातो. पितृसत्ता, म्हणजे घरातील व समाजातील सत्ता पुरुषांच्या हाती राहील अशी बांधलेली व्यवस्था, ही संकल्पना नव्याने हाती आलेला मुलगा ती प्रथम जेवणाच्या ताटावर वापरून पाहतो. भाकरी गरम असताना तो आईला सांगतो की ॲन ओकली या अभ्यासकाने १९७४ मध्येच घरकाम हेही काम आहे हे दाखवून दिले, त्याला पगार नसतो, त्याला वेळ ठरलेली नसते आणि त्याला प्रतिष्ठाही नसते. आई तव्यावरून नजर न काढता ‘आणखी अर्धी घेतोस का’ असे विचारते. तो अर्धी घेतो, वडिलांना उद्देशून सत्तेच्या अदृश्य स्वरूपाविषयी दोन वाक्ये बोलतो, ताट तेथेच ठेवून हात धुतो आणि स्त्री-पुरुष समानतेवरील टिपण पूर्ण करण्यासाठी आतल्या खोलीत निघून जातो. ताट त्याच वर्गात शिकणारी बहीण उचलते. सत्राच्या परीक्षेत त्या प्रश्नाला तिला त्याच्यापेक्षा जास्त गुण पडतात, आणि याचे कारण सरांचा मुलींकडे असलेला ओढा हे असावे, असा त्याचा निष्कर्ष असतो.

विवाहसंस्थेच्या प्रकरणाची गाठ याहून बिकट असते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या मे महिन्यात, पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात निबंध वाचून असे दाखवले की जातीचे मर्म अंतर्विवाहात, म्हणजे गटाने आपल्या मुलामुलींची लग्ने गटातच लावण्याच्या नियमात, आहे. शंभराहून अधिक वर्षांनी तो निबंध पाच गुणांची टीप झाला असून ती टीप महाराष्ट्रातील असंख्य मुली बिनचूक लिहितात. आणि त्याच आठवड्यात त्यांचा जो ‘बायोडाटा’ घरोघरी फिरत असतो त्यात उंची, रंग, रास, नाडी, मामांचे आडनाव आणि ‘शिक्षण : बी. ए. (समाजशास्त्र)’ हे सारे एकाखाली एक आलेले असते. तो कागद टाईप करणारा चुलतभाऊ जातीच्या रकान्यात काही लिहावे की नाही असे विचारतो, आणि घरातली वडीलधारी माणसे सांगतात की आडनाव आहे, गाव आहे, मामाचे गाव आहे, आता आणखी काय लिहायचे राहिले. आंबेडकरांच्या प्रतिपादनाला इतका आटोपशीर पुरावा त्या चर्चासत्रातही मिळाला नसता. विद्यार्थिनी हे जाणते. परंतु प्रश्नपत्रिकेत ‘आंतरजातीय विवाहाचे महत्त्व विशद करा’ एवढेच विचारलेले असते, उदाहरण मागितलेले नसते.

पदवी मिळते आणि त्यानंतर काय, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्याच्या सदाशिव पेठेत मिळते. मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान जेनेप याने १९०९ मध्ये संक्रमणविधींचे विवेचन करताना म्हटले की एका सामाजिक अवस्थेतून दुसरीत जाणारा मनुष्य तीन टप्पे ओलांडतो: जुन्या अवस्थेपासून तुटणे, मधले अधांतर आणि नव्या अवस्थेत सामावले जाणे. मधला टप्पा आदिम जमातींत काही दिवसांचा किंवा काही महिन्यांचा असतो. कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन आणि अभ्यासिकेची मासिक फी भरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांमध्ये तो वयोमर्यादा संपेपर्यंत लांबवता येतो. येथे एक विलक्षण घटना घडते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्याला अडीचशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, आणि ५०० हा आकडा समोर आला की जो विषय तीन वर्षांत शिकता आला नव्हता तो शिकावासा वाटू लागतो. विद्यार्थी आता वेबर पुन्हा वाचतो, या वेळी झोप न लागता. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमाच्या आरंभीच त्याला भारतीय समाजाकडे पाहण्याचे तीन दृष्टिकोन सापडतात: प्राचीन ग्रंथांच्या आधारे समाज समजून घेणारी भारतविद्या, त्यासाठी घुर्ये, समाजाचे भाग एकमेकांना कसे सांभाळतात हे पाहणारा संरचनात्मक कार्यवाद, त्यासाठी श्रीनिवास, आणि वर्गसंघर्षावर बोट ठेवणारा मार्क्सवादी विचार, त्यासाठी अक्षयकुमार रमणलाल देसाई. श्रीनिवास आणि देसाई दोघेही घुर्यांच्याच हाताखाली मुंबईत शिकले, आणि गुरूसह तिघांची तोंडे तीन दिशांना झाली. आयोगाने त्यांना अखेर एकाच पानावर आणून बसवले आहे. पूर्वी ऑप्शनला टाकलेल्या घुर्यांच्या नावाखाली लाल शाईने दुहेरी रेघ ओढून झाल्यावर विद्यार्थी शेजारच्या टेबलावरच्या मित्राला हळू आवाजात विचारतो की एकाच गुरूचे हे दोन शिष्य आणि खुद्द गुरू यांचे नेमके कशावरून फाटले असावे. मित्राचा वैकल्पिक विषय भूगोल असतो. तो नकाशातून मान वर न काढता सांगतो की बांधावरून.